हालचाल मर्यादित झालेल्या वृद्ध नातेवाइकांना भेट काय द्यावी?
फारसे चालता-फिरता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी भेट निवडण्यापूर्वी त्यांच्याजवळ तासभर बसून त्यांचा हात नेमका कुठे अडतो, हे पाहावे. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी शर्टाचे बारीक बटण काजात घालताना होणारी धडपड एकदा पाहिली की वेल्क्रोने बंद होणारा सदराच आणावासा वाटतो. जाड मुठीचा चमचा किंवा अंथरुणातूनच लावता येणारा दिवाही उपयोगी पडतो. सुटे गालिचे मात्र टाळावेत, कारण त्यांत पाय अडकतो. काठी विचारल्याशिवाय आणू नये. ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेत यावी लागते, शिवाय न विचारता दिलेली काठी अनेकांच्या मनाला फार लागते.