हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो

प्रश्न : परवा पोळ्या करताना तापलेल्या तव्याला बोट लागले. हात झटकन मागे आला आणि चटका त्यानंतर जाणवला. दहावीत शिकणारी नात म्हणते की ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती मेंदूला न विचारता घडते. मेंदूने सांगितल्याशिवाय हात हलतो, हे मला पटत नाही. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नातीचे म्हणणे बरोबर आहे आणि आपण टिपलेला क्रमही अचूक आहे. मध्यवर्ती चेतासंस्थेत कवटीतला मेंदू येतो, तसाच पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मेरुरज्जूही येतो. मेंदूपासून चेतांच्या (संदेश वाहून नेणाऱ्या दोऱ्यांच्या, इंग्रजीत नर्व्ह) १२ आणि मेरुरज्जूपासून ३१ जोड्या निघून शरीरभर पसरतात. बोटाला तवा लागला की त्वचेतल्या चेतातंतूंच्या टोकांशी निर्माण झालेला संदेश हातातून आणि काखेतून मानेपाशी मेरुरज्जूत शिरतो, तिथल्या मधल्या चेतापेशींमार्फत स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो, आणि त्या दंडाच्या पुढच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावत असतानाच मागचा स्नायू सैल पडतो. हात मागे येतो तो एवढ्या आखूड वाटेने. मेंदूकडेही बातमी गेलेली असते; मात्र ती वर पोहोचून ‘भाजले’ अशी जाणीव होईपर्यंत बोट तव्यापासून सुटलेले असते.

पुढच्या वेळी (ती न येवो) आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आधी सुईसारखी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने आग पसरत जाते. या दोन वेदना वेगवेगळ्या तंतूंनी येतात. पहिलीच्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे पातळ वेष्टन असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. आगीचा संदेश वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतून सेकंदाला अर्धा ते दोन मीटर इतकाच सरकतो, म्हणून हाताची लांबी ओलांडायलाच त्याला वेळ लागतो.

तरीही मेंदूचा अधिकार संपलेला नसतो. नातवंडासाठी तापवलेल्या दुधाचा पेला हाताला पोळत असला, तरी आपण तो सोडून देत नाही. ओठ घट्ट मिटून ओट्यापर्यंत नेऊन ठेवतो. त्या वेळी मेंदूकडून खाली येणारे संदेश मेरुरज्जूतली ही क्रिया दाबून धरतात.

प्रश्न : मी रोज कल्याणहून लोकलने येतो. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून बसलो की दादर येईपर्यंत पाय बधिर होतो, मग मुंग्या येतात. शीर दबून रक्त थांबल्यामुळे असे होते का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : या प्रश्नातला ‘शीर’ हा शब्दच निम्मा घोटाळा करतो. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि चेतेलाही; ‘नस’ या शब्दाचेही तेच. मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवली. विच्छेदनाच्या टेबलापाशी पहिल्या दिवशी मी त्यांना दोन्ही वस्तू कापून दाखवत असे. धमनी कापली की आत नळीसारखे भोक दिसते. चेता कापली की भोक नसते. पांढरट, किंचित चकाकणारी, सुताच्या लडीसारखी भरीव दोरी असते आणि चिमटीत धरून उकलली तर तिचे पदर सुटतात. मांडीच्या मागून जाणारी सायटिक चेता बोटाएवढी जाड असते. एवढी मोठी चेता आपल्या शरीरात आहे यावर अनेक विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नसे.

सीटच्या कडेवर भार देऊन बसल्याने मांडीमागे हीच चेता दाबली जाते. पायावर पाय टाकून बसल्यास गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, हाडाच्या मानेभोवती वळून त्वचेलगत जाणारी तिची शाखा सापडते. दाबाने चेतेला पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि तंतूंतून संदेश जाईनासे होतात. पायाच्या मोठ्या धमन्या मात्र सहसा वाहत असतात. पाय बधिर असताना घोट्यापाशी नाडी चाचपून पाहावी, ती बहुधा लागते. दाब हटला की सावरणारे तंतू काही काळ विनाकारण संदेश सोडतात, त्याच मुंग्या. बधिर पायाचे स्नायूही ढिले असतात, त्यामुळे उतरायच्या दोन स्टेशने आधी उभे राहून पावले हलवावीत. चालत्या गर्दीत असा पाय दगा देतो.

ही बधिरता काही मिनिटांत जात नसेल, पाऊल वर उचलता येत नसेल, किंवा न बसताही दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील साखर आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासावे. मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पावलांपासून होते.

प्रश्न : काकांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय गेला आणि बोलणे अडखळते. शेजारी म्हणतात, मानेची शीर आखडली आहे, मालीश करा. (एक वाचक, भांडुप)

उत्तर : मालीश करण्यात वेळ घालवू नये. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छाच्या (मेंदूचा मेरुरज्जूला जोडलेला सर्वांत खालचा भाग) खालच्या टोकाशी बाजू बदलतात. त्यामुळे उजवे अंग गेले की दोष बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, आणि बहुसंख्य माणसांची भाषेची केंद्रेही तिकडेच असतात. आधीच्या पत्रात रक्तावर ठपका होता आणि दोष चेतेचा होता. इथे चेतेवर ठपका आहे आणि दोष मेंदूतल्या रक्तवाहिनीचा आहे. ती गुठळीने बंद होते किंवा फुटते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो, म्हणून रक्त अडले की काही मिनिटांतच चेतापेशी मरू लागतात.

काकांचे उपचार आता त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि नियमित फिजिओथेरपीने चालवावेत. घरात पुन्हा कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर १०८ क्रमांकाला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर, योग्य रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते. तिथे पहिल्यांदा विचारले जाते ते हेच की रुग्ण शेवटचा नीट बोलता-चालताना कधी दिसला होता. ती वेळ निघतानाच कागदावर लिहून घ्यावी.