जळालेली भिंत पाडायची घाई कुणाला?

जुन्या वास्तूंविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात मी उत्तरं देते. या वेळी बहुतेक पत्रं आगीबद्दलच आली, म्हणून वाळवी आणि गळक्या कौलांचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : मॅडम, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही रस्त्यावर उभं राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आता ते ‘होतं तसंच’ उभं करायचं ठरलंय. माझा जावई सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याचं म्हणणं असं, की आगीत तापलेल्या दगडात दम राहत नाही. सगळं पाडून आरसीसीत बांधा आणि बाहेरून दगडाच्या चकत्या लावा, दिसायला तेच दिसेल. खरं काय मानायचं? (निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : सर, जावईबापूंना माझा नमस्कार सांगा आणि एक हातोडी घेऊन भिंतीपाशी उभं राहायला सांगा. दगडात दम आहे की नाही हे घरी बसून ठरत नाही. चांगला पाथरवट दगडावर हातोडी हलकेच मारतो आणि ऐकतो. खणखणीत वाजला तर दगड शाबूत. बद्द वाजला तर आत तडा आहे किंवा वरचा पापुद्रा सुटलाय. पूर्ण भिंत अशी थराथरानं वाजवून खडूनं खुणा करायच्या. मग यंत्रानं नळीसारखे नमुने काढून प्रयोगशाळेत द्यायचे. नाट्यगृहात आग मुख्यतः रंगमंचावर आणि छतात भडकते, कारण कापड, लाकूड, पडदे सगळे तिथंच असतात. त्यामुळे भिंतीचा माथा भाजून निघतो आणि कमरेइतक्या उंचीवर तीच भिंत पुष्कळदा नुसती काळवंडलेली असते. एकाच भिंतीला दोन-तीन वेगळे निकाल लागतात. ‘पाडा’ किंवा ‘ठेवा’ असं एका शब्दात सांगणाऱ्यानं बहुधा शिडी लावलेलीच नसते.

दगडापेक्षा मला काळजी असते दरजांची, म्हणजे दोन दगडांमधल्या चुन्यानं भरलेल्या सांध्यांची. लोह असलेला दगड, वीट किंवा चुन्यातली वाळू साधारण ३०० अंशांच्या आसपास लालसर व्हायला लागते. तेव्हा दरज खरवडून बघायची, गुलाबी रंग किती खोल गेलाय ते मोजायचं. तेवढ्यापर्यंत उष्णता शिरली होती, असा त्याचा अर्थ. ८०० अंशांच्या वर गेलं तर चुना परत कळीचा, म्हणजे भट्टीतून निघालेला न विरलेला चुना होतो. मग त्यावर बंबाचं पाणी पडलं की तो तिथल्या तिथं विरतो आणि फुगतो. हा भाग मात्र काढायलाच लागतो, त्यात भावनेला जागा नाही. तापलेल्या दगडावर गार पाणी पडूनही ढलपे उडतात. पण म्हणून बंबवाल्यांना दोष देऊ नका, त्यांनी पाणी मारलं म्हणून तर तपासायला भिंत उरली.

तिसरी बघायची जागा म्हणजे लोखंडी तुळया जिथं भिंतीवर टेकतात ती. दहा मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली की सहा सेंटीमीटर वाढते. वाढून जाणार कुठं? भिंतीला बाहेर ढकलते. आग विझली, तुळई गार झाली, खाली आली, पण भिंतीचा माथा बाहेर सरकलेला तसाच राहतो आणि खालून ते डोळ्यांना दिसत नाही. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, माझ्याही.

आणि पाऊस! तुमच्याकडे आग लागली ती ऑगस्टात. छप्पर गेलेली चुन्याची भिंत वरून उघडी राहिली की पाणी थेट गाभ्यात उतरतं. माझ्या अनुभवात आगीनं जेवढी भिंत बिघडत नाही तेवढी पुढचे दोन पावसाळे बिघडवतात. म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी पहिला खर्च तात्पुरत्या पत्र्याच्या छपरावर करावा. फोटोत ते वाईट दिसतं, उद्घाटनाला त्याचा उपयोग नसतो, म्हणून सगळ्यांत आधी तेच राहून जातं.

आता ‘होतं तसंच’. कधीचं? शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, की ७ ऑगस्ट २०२४ ला उभं असलेलं, म्हणजे मधल्या नूतनीकरणांसकटचं? १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात महाराजांनी रोमची प्रेक्षागारं पाहिली आणि परत आल्यावर शेजारी खासबागेचं कुस्ती मैदान आणि हे थिएटर झालं. जोडीनं आहेत ती दोन्ही. कुस्ती आणि संगीत नाटक भिंतीला भिंत लावून बसवणारा राजा दुसरा कुठला सांगा! त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. जी भिंत परीक्षेत पास होते ती त्याच जागी, त्याच जाडीची राहावी. सभागृहाची लांबी, रुंदी, उंची तीच राहावी, कारण गाणाऱ्याचा आवाज त्या पोकळीत घडतो. ती फूटभर बदलली तरी मागच्या रांगेतल्या कानाला कळतं. छपराचा सांगाडा मात्र नवीन असायला माझी हरकत नाही, वायरिंग तर नवीनच हवं. आरसीसीवर दगडाच्या चकत्या लावून जे होईल ती १९१५ ची वेशभूषा झाली. वेशभूषा नाटकात शोभते, नाट्यगृहाला नाही.

पाडण्याआधी आणखी एक. राडारोडा डंपरमध्ये भरून पाठवू देऊ नका. जमिनीवर चौकोन आखायचे, कुठल्या चौकोनात काय सापडलं ते लिहायचं आणि चाळायचं. इंग्लंडमध्ये अपपार्क नावाचा मोठा वाडा १९८९ मध्ये जळाला, तेव्हा राख कचऱ्याच्या डब्यांत भरून, डब्यांवर खोल्यांची नावं टाकून ठेवली. हजारो डबे. त्यातून मिळालेले नक्षीचे तुकडे, कड्या, बिजागऱ्या बघून पुन्हा घडवलं आणि १९९५ मध्ये वाडा लोकांना खुला झाला. जळकं सागवानही फेकू नका. लाकूड बाहेरून कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. अर्धा तास आगीत राहिलेल्या जाड तुळईचा बाहेरचा दीड-दोन सेंटीमीटर जातो, आतला गाभा पुष्कळदा ठणठणीत असतो.

आपल्याकडे जळकं ते सोडून द्यायची सवय जुनी आहे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आज आपण तट आणि जोती बघून येतो. विश्रामबागवाडाही १८७९ मध्ये जळाला होता, पण तो पुन्हा उभा केला, म्हणून त्याची लाकडी मेघडंबरी आज रस्त्यावरून दिसते. तुमच्या जावयांना पुण्यात आले की दोन्ही दाखवा.

प्रश्न : पॅरिसचं आगीत जळालेलं नोत्र दाम कॅथेड्रल पाच वर्षांत पुन्हा उभं राहिलं. आपल्याकडे एवढ्या वर्षांत नुसती निविदा निघते. आपल्यात नक्की काय कमी आहे? पैसा? (वास्तुकलेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : पैसा त्यांना मिळाला हे खरंच. सुमारे ८४ कोटी युरो, जगभरातल्या सव्वातीन लाखांहून जास्त देणगीदारांकडून. पण हिशेब नीट बघ. आग १५ एप्रिल २०१९ ला लागली आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा काळ, ते फक्त इमारत कोसळू नये यासाठी झटत होते. मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी आधीच बांधलेली लोखंडी परांची आगीत वितळून एकमेकींत गुंतली होती. ती ओढली असती तर खालच्या कमानी आल्या असत्या. दोरांना लटकलेल्या माणसांनी ती नळीनळीनं कापून काढली. छपराच्या शिशाची धूळ सगळीकडे बसली होती, त्यापायी २०१९ च्या उन्हाळ्यात काम थांबवावं लागलं. मनोरा जुनाच करायचा की काचेचा नवा, यावरही वर्षभर भांडण झालं आणि जुलै २०२० मध्ये जुनाच करायचं ठरलं. (मला विचारशील तर बरं झालं. काचेची ती चित्रं बघून माझी झोप उडाली होती.) मग सुमारे दोन हजार ओक तोडले आणि त्यातल्या छपराच्या तुळया सुतारांनी कुऱ्हाडीनं तासल्या, तेराव्या शतकात तासल्या होत्या तशा. डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर अँड्र्यू टॅलन या माणसात आहे. अमेरिकेतला कलेतिहासाचा प्राध्यापक. त्यानं आगीच्या कितीतरी वर्षं आधी, कुणी आग लागेल म्हणून सांगितलेलं नसताना, लेझरनं सगळं कॅथेड्रल मोजून ठेवलं होतं. आगीच्या काही महिने आधीच तो गेला. त्याची मोजणी मागे राहिली आणि कामाला आली.

आपल्याकडे ते नाही. नगरपालिकेत जुन्या सभागृहाचा नकाशा मागितला तर एक ब्लू प्रिंट मिळते, तीही घडीवर फाटलेली, आणि तिच्यात जिना चुकीच्या बाजूला असतो. तेव्हा तू आणि तुझ्या वर्गातल्या चौघी-पाचजणी, एक टेप, एक फोन आणि सुट्टीचे काही रविवार घेऊन तुमच्या गावातली एक सार्वजनिक इमारत मोजून काढा. नक्षीच्या पट्ट्यांचे आकार, खिडक्यांच्या चौकटी, कैचीचे (छपराच्या तिकोनी सांगाड्याचे) सांधे, सगळं. माळ्यावर चढायला विसरू नका. दर्शनी बाजूचे फोटो सगळ्यांकडे असतात, माळ्याचे कुणाकडेच नसतात. आणि प्रत दोन वेगळ्या इमारतींत ठेवा.

प्रश्न : आमचं सार्वजनिक वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे. लाकडी माळा, मंगलोरी कौलं, मागच्या बाजूला नंतर घातलेला स्लॅब. यंदा स्लॅबला वॉटरप्रूफिंग, नवीन वायरिंग आणि रंगकाम असं एकदम काढलंय. आगीचा विमा आहे. आणखी काय काळजी घ्यावी? (कार्यकारिणी सदस्य, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मी चहा बाजूला ठेवला. जुन्या इमारतीच्या आयुष्यातला सगळ्यांत धोक्याचा काळ तुम्ही आता सुरू करताय. व्हेनिसचं ला फेनिचे नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ ला जळालं, तेव्हा आत दुरुस्तीच चालू होती. कामाला उशीर झाल्याचा दंड चुकवायला दोन इलेक्ट्रिशियननी आग लावली, असं पुढे कोर्टात सिद्ध झालं. भोवतीचे कालवे त्याच वेळी गाळ काढायला रिकामे केले होते, त्यामुळे बंबांच्या होड्या जवळ येईनात. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात १९९२ मध्ये एक दिवा पडद्याला टेकला आणि शंभराहून अधिक खोल्यांना झळ बसली. वर सांगितलेलं अपपार्क छपरावर शिशाचं काम करणाऱ्यांच्या ज्योतीनं पेटलं. ग्लासगोचं स्कूल ऑफ आर्ट तर २०१४ मध्ये जळालं, जीव ओतून दुरुस्त करत आणलं आणि काम संपत आलेलं असताना जून २०१८ मध्ये पुन्हा, पहिल्यापेक्षा भयंकर जळालं. नोत्र दामवरही दुरुस्तीची परांची होतीच.

तेव्हा आधी ही तीन कामं एकदम करू नका. रंगाचा थिनर, लाकडाचा भुसा आणि गॅसची ज्योत एका छताखाली एका दिवशी नकोत. स्लॅबवर डांबरी पत्रा गॅस टॉर्चनं चिकटवणार असतील तर साफ नाही म्हणा. थंड लावायचे लेपही मिळतात, ते निवडा. ठेकेदार महाग पडतं म्हणेल, म्हणू दे. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग टाळता येत नसेल तर ते इमारतीबाहेर, अंगणात करून आत आणून बसवायचं. आतच करायची वेळ आली तर दुपारी दोनला ज्योत बंद, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत एक माणूस तिथंच बसून. ठेकेदाराचा नको, तुमचा. ठिणगी कौलाखालच्या वाशांच्या फटीत, चिमण्यांच्या काडीकचऱ्यात जाऊन पडते आणि तासन् तास धुमसते. धूर दिसतो तेव्हा कामगार घरी जेवत असतात.

कामगारांनी ओढलेलं तात्पुरतं वायरिंग रोज संध्याकाळी मेन स्विचपासून तोडायचं. चार्जिंगला लावलेले मोबाइलसुद्धा. आवारात पाण्याची भरलेली टाकी, चालू पंप आणि माळ्यापर्यंत पोचणारा पाइप हवा. पाइप खरंच पोचतो का ते लावून बघा, कागदावर सगळेच पोचतात.

आगीची सूचना देणारी घंटा बसवलीत तर तिच्या फलकावर ‘झोन २’ वगैरे लिहू देऊ नका. ‘मागचा माळा, बालविभागाच्या वर’ असं मराठीत लिहा. नोत्र दामला आगीच्या संध्याकाळी पहिली सूचना सव्वासहाच्या सुमारास आली, पण बघायला गेलेला माणूस भलत्याच माळ्यावर गेला. तिथं काही नव्हतं. खरी जागा लक्षात येईपर्यंत अर्धा तास गेला आणि तोवर जुनं ओक पेटलं होतं.

विम्याचं म्हणाल, तर विमा छपराचे पैसे देईल. तुमच्या हस्तलिखितांचे आणि जुन्या नियतकालिकांच्या फायलींचे कुठून देणार? नोंदवहीची प्रत दुसऱ्या घरी ठेवा. सगळ्यांत आधी काय बाहेर काढायचं ते ठरवून ते कपाट दाराजवळ आणा. खरं तर काम चालू असेपर्यंत ते कपाट इमारतीत ठेवूच नका. विंडसरला वायरिंगच्या कामासाठी बरीच चित्रं आधीच हलवलेली होती, म्हणून ती वाचली.

प्रश्न : जुन्या भिंतीवर धुराचे डाग आहेत. पाण्याच्या प्रेशरनं धुऊन घेऊ का? वर सिमेंटचा गिलावा? (सातारा)

उत्तर : दोन्ही नको. काजळी आधी मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं कोरडीच काढा, पाण्यानं ती दगडाच्या आत जाते. भिंत पुरती वाळल्यावर चुन्याचा गिलावा.

प्रश्न : आम्ही हौशी रंगकर्मी. आमच्या नाट्यगृहात स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या तोट्या) बसवायचं घाटतंय. दुसऱ्या अंकात आमचा नायक सिगारेट ओढतो. सगळे प्रेक्षक भिजणार का? (सोलापूर)

उत्तर : सिनेमात भिजतात, खऱ्या सभागृहात नाही. साध्या स्प्रिंकलरच्या प्रत्येक तोंडाला काचेची एक छोटी नळी असते. तांबड्या नळीचं तोंड ६८ अंशांना फुटतं, आणि ज्याच्याखाली आग आहे तेवढंच फुटतं. रंगमंचाचे दिवे टांगतात त्या दांडीजवळ उष्णता जास्त, तिथं ९३ अंशांची हिरवी नळी लावतात. तुमची अडचण वेगळीच होईल. धुक्याच्या यंत्रानं धुराची घंटा वाजते, म्हणून प्रयोगाआधी कुणीतरी ती बंद करतो आणि पडदा पडल्यावर सगळे वडापावकडे धावतात. कुणी बंद केली आणि कुणी चालू केली, दोन्ही सह्या वहीत घ्या आणि दुसऱ्या सहीशिवाय सेटचा टेम्पो फाटकाबाहेर सोडू नका. स्प्रिंकलरबरोबर रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा आणि रंगमंचाच्या वर धूर जायला झडपा हव्यात, तेही मागून घ्या. नुसते स्प्रिंकलर बसवून फीत कापतात. आणि ती सिगारेट खोटी वापरा, हे मी स्प्रिंकलर नसते तरी सांगितलं असतं.