कॉलेजच्या गावी परत जाऊन राहावं का?

साठी ओलांडलेली जोडपी समुपदेशनाला येतात, तेव्हा हा प्रश्न वारंवार घेऊन येतात: "शहराची दगदग पुरे झाली. शिकलो त्या गावी जाऊन राहावं म्हणतो. पण तिथं एकटे पडलो तर?"

डोंबिवलीचं असंच एक जोडपं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका 66 वर्षांचे, 1980 च्या सुमारास सांगलीच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले. काकू 62 च्या, निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीचं घर विकून विश्रामबागेत फ्लॅट घ्यायचा, हे काकांनी जवळपास ठरवलंच होतं. काकू पहिल्या सत्रात एवढंच म्हणाल्या, "यांचं तिथं सगळं आहे. माझं कोण आहे?"

जागेत खोट नव्हती. विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या मधोमध आहे. 1919 चं विलिंग्डन कॉलेज आणि 1947 चं वालचंद, दोन्ही त्याच भागात. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. मुलीकडे यायचं तर रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि कल्याणला उतरायचं.

दोघांना वेगवेगळे कागद दिले. सांगलीतला एक साधा मंगळवार, सकाळी सहा ते रात्री दहा, तासातासानं लिहायचा आणि प्रत्येक तासापुढे कुणाशी बोलणार त्या माणसाचं नाव. काकांनी भराभर लिहिलं: मैदानावर फेरी, वाचनालय, संध्याकाळी टपरीवर चहा. नावं तीन आली, आणि त्या तिघांनीही सांगली कधीच सोडलेली होती. काकूंच्या कागदावर अकरानंतर प्रत्येक तासापुढे एकच शब्द होता, "हे". काका तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

कॉलेजच्या गावाचं दुखणं इथंच असतं. आपल्याला आठवतं ते गाव नसतं, आपली बॅच असते. आजची मुलं प्रेमानं बोलतात, "आजोबा, बसा की" म्हणतात, पण चार वर्षांत निघून जातात आणि मे महिन्यात तर हॉस्टेल ओस पडतं. म्हणून जीव लावायचा तो गावात टिकून राहणाऱ्या माणसांना: शेजारी, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, भिशी, निवृत्त प्राध्यापक. आपण एक दिवस गेलो नाही तर "का आला नाहीत?" असा फोन येईल, अशी आठवड्यातली किमान दोन ठिकाणं प्रत्येकाची स्वतंत्र हवीत. नवराबायकोचं मिळून एक, हे पुरत नाही.

ठरलं असं: डोंबिवलीचं घर विकायचं नाही, सांगलीत 11 महिने भाड्यानं राहून बघायचं. तेही जुलै ते मे, म्हणजे पावसाळा, गॅदरिंग, परीक्षा आणि रिकामा मे, सगळं अनुभवून होतं. महाराष्ट्रात 11 महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते, नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू नये. करारात एक महिन्याच्या नोटिशीचं कलम घालायला सांगितलं होतं, ते पुढे कामाला आलं.

कारण पहिलं घर चुकलं. ते रविवारी सकाळी अकराला पाहिलेलं होतं, तेव्हा इमारत शांत होती. निम्मे फ्लॅट विद्यार्थ्यांना दिलेले. रात्री एकला दुचाक्या यायच्या, वर खुर्च्या सरकायच्या. काकूंची झोप गेली, पाठोपाठ बीपी वाढला. घर पाहायचं ते कामाच्या दिवशी, रात्री साडेदहाला आणि पुन्हा सकाळी सातला. किती फ्लॅट भाड्यानं आहेत, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं. लिफ्ट बंद पडली तर जिना झेपेल अशाच मजल्यावर राहावं. आणि सांगलीत पुराची चौकशी एजंटकडे न करता रिक्षा स्टँडवर करावी. 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. त्या वेळी या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे तिथला माणूस बोट दाखवून सांगतो.

दुसऱ्या घरात गेल्यावरही काकूंना दोन महिने संध्याकाळी पाचच्या सुमारास रडू येत असे. चाळीस वर्षांचा शेजार सुटल्यावर हे होतंच, त्यात कमकुवतपणा काही नाही. मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली राहिली, कशातच मन लागेनासं झालं, तर "होईल सवय" म्हणून थांबू नये, मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. काकूंवर ती वेळ आली नाही. मंगळवार-शुक्रवारचं भजन लागलं, आणि शेजारच्या बाईंनी आपल्या नातवाचं गणित त्यांच्याकडे सोपवलं.

मे महिन्यात तोच कागद पुन्हा भरून घेतला. काकूंची नावं नऊ झाली, काकांची चार. टपरी काकांनी स्वतःहून खोडली होती. दोघांनी आणखी 11 महिन्यांचा करार केला. डोंबिवलीची किल्ली अजून मुलीकडेच आहे.