जमावबंदी मोडायची का?

सप्रेम जिंदाबाद.

तुझं पत्र पोचलं. कलेक्टरनं जमावबंदी लावली, पोरं म्हणतायत मोडूया, आणि तू मला विचारतोयस. हो-नाही मी सांगणार नाही. महाडचं सांगतो.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर कायदा कुणीच मोडला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, १९२३ सालीच झाला होता, पुढं महाड नगरपालिकेनं तळं खुलंही केलं होतं. पण कागदावर! बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं ओंजळीनं पाणी प्यायली. मोडली ती रूढी. मग ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि तिथंच भरलेल्या परिषदेच्या मांडवात लाठ्या चालल्या. आपल्यात पलटणीतून आलेले गडी होते, मनात आणलं असतं तर हल्ला करणाऱ्यांना उलट चोपणं अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. हल्लेखोर कोर्टात उभे राहिले, त्यांना शिक्षा झाली.

खरी कसोटी डिसेंबरात लागली. नगरपालिकेनं ठराव फिरवला होता, विरोधकांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला होता. लोक पुन्हा तळ्यावर जायला, तुरुंगाच्या तयारीनं आले होते. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, पण तळ्याला फक्त फेरी घातली, पाण्याला कुणी शिवलं नाही. भांडण सवर्णांशी होतं. हुकूम मोडून सरकारही अंगावर घ्यायचं नव्हतं. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. तुझ्या वयात मला ही माघार वाटायची. आजही दहा वर्षं हा आकडा घशाखाली उतरत नाही, पण त्या रात्री हजारोंना थांबवणं हे त्यांना पुढं नेण्याहून अवघड होतं, एवढं कळतं.

तेव्हा आधी ठरव, तुमचं भांडण पाण्यासाठी, म्हणजे मूळ मागणीसाठी आहे, की त्या हुकुमाशी? हुकूमच तोंड दाबायला काढला असेल तर मोडा, दिवसाढवळ्या, नावं देऊन. आणि दगड उचलणारा मोर्चात घेऊ नका, कितीही जवळचा असो. आमच्या एका मोर्चात एस्टीची एक काच फुटली. दुसऱ्या दिवशी पेपरात काचच होती, मागणी नव्हती.

जामीनदार आधी शोधून ठेवा. वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या हातावर पेनानं लिहा; मोबाइल पहिल्यांदा काढून घेतात.