वाचकांचे प्रश्न : कलादालनातून

प्रश्न : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका बाळाचं छोटंसं संगमरवरी शिल्प पाहिलं. जवळ रिकामा पिंजरा, पाखरू उडून गेलेलं. माझे डोळे भरून आले. मैत्रीण म्हणाली, ‘लोकांना रडवायलाच केलंय हे, यात कला कसली?’ तिचं बरोबर आहे का?
– एक वाचक

उत्तर : मला नाही पटत. तुम्ही पाहिलंत ते झाँ-बातिस्त पिगाल याचं १७४९ मधलं काम, उंची साधारण अर्धा मीटर. त्या काळच्या फ्रान्समध्ये संगमरवरी बाळं पैशाला पासरी होती. पण बरीचशी पंखवाली, मदनाची. कुणाच्याही दिवाणखान्यात शोभतील अशी.

याला पंख नाहीत. हे एका घरातलं खरंखुरं मूल आहे : दरबाराला कर्ज पुरवणारे बडे सावकार पारी द मोंमार्तेल यांचा मुलगा, तेव्हा जेमतेम वर्षाचा. मांड्यांच्या वळ्या पाहिल्यात ना? पुढे आलेलं पोट? पिगालने त्याला गोंडस करण्यासाठी काही झाकलेलं नाही. शिवाय संगमरवरात उजेड किंचित आत शिरतो, त्यामुळे नीट घासून गुळगुळीत केलेला दगड कातडीसारखा मऊ भासतो. हा गुण कुठे, किती वापरायचा याची त्याला उत्तम जाण होती.

मुलगा पुढे ब्रुन्वाचा मार्क्विस, म्हणजे सरदार, झाला. वडील १७६६ मध्ये गेले, अफाट संपत्ती हाती आली आणि त्याने ती उधळली. १७८१ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, तोही गेला. हे कळल्यावर रिकामा पिंजरा जास्तच बोचतो. तरी हे दुःख शिल्पावर लादू नये असं मला वाटतं. पिगालसमोर फक्त पाखरू गमावलेलं मूल होतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

याच हाताने १७७६ मध्ये ऐंशी ओलांडलेला फ्रेंच लेखक-विचारवंत व्हॉल्तेअर घडवला. जवळजवळ नग्न, कातडी लोंबलेली, बरगड्या वर आलेल्या. पाहणारे हादरले. म्हाताऱ्या देहाबाबत इतका प्रामाणिक असलेला माणूस बाळाच्या बाबतीत खोटं का बोलेल? तो पुतळाही लूव्रमध्येच आहे. पुन्हा जाणं झालं तर मैत्रिणीला आधी त्याच्यापुढे उभं करा, आणि तिथून थेट या बाळाकडे न्या.