चारा घोटाळा: कोषागारातून पैसे निघाले कसे?

गेल्या वेळी राज्याच्या पुरवणी मागण्यांवर लिहिताना मी बिहारमधल्या चारा घोटाळ्याचा, म्हणजे पशुसंवर्धन विभागाच्या नावानं खोट्या बिलांवर सरकारी तिजोरीतून पैसे काढल्याच्या, 1996 मध्ये उघड झालेल्या प्रकरणाचा एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवरच सर्वाधिक पत्रं आली. बहुतेकांना त्या प्रकरणाचं राजकारण ठाऊक आहे, पण पैसा नेमका कोणत्या वाटेनं गेला हे विचारावंसं वाटतं. माझी सगळी नोकरी कोषागारात, म्हणजे सरकारी देयकं तपासून पैसे देणाऱ्या कार्यालयात गेली, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न: मी नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. विधिमंडळानं मंजूर केल्याशिवाय सरकारी तिजोरीतून रुपयाही काढता येत नाही, असं आम्ही पाठ करतो. मग तरतूदच नसताना कोट्यवधी रुपये बाहेर पडले कसे?

तुम्ही पाठ करता ते बरोबर आहे. संविधानाचं कलम 266(3) तेच सांगतं. पण कलम स्वतः खिडकीवर बसून देयकं तपासत नाही. तिथे माणूस बसलेला असतो.

रीत अशी असते. अर्थसंकल्प मंजूर झाला की विभागप्रमुख जिल्ह्याजिल्ह्याला अनुदान वाटून देतो आणि तसं वाटपपत्र काढतो. जिल्ह्यातला आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे ज्याच्या सहीनं पैसे काढता येतात तो, खरेदी करतो. पुरवठादाराच्या बिलावर ‘माल मिळाला, साठा नोंदवहीत घेतला’ असा दाखला देतो आणि देयक कोषागारात पाठवतो. कोषागारात सहीचा नमुना, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या नावे टाकायचा ते), मंजुरी आणि शिल्लक तरतूद पाहिली जाते. मगच देयक पारित होतं आणि बँक पैसे देते.

बिहारच्या पशुसंवर्धन विभागात या साखळीची प्रत्येक कडी विकली गेली होती. वाटपपत्रं बनावट होती. चारा, औषधं, उपकरणं कागदावरच येत होती. मोठी रक्कम एकदम डोळ्यांवर येऊ नये म्हणून बिलांचे तुकडे केले जात होते. पुढे शिक्षा झालेल्यांच्या यादीत पशुवैद्यकीय अधिकारी आहेत, पुरवठादार आहेत आणि कोषागारातली माणसंही आहेत. माझ्याच खात्याची माणसं त्या यादीत वाचताना आजही मला वाईट वाटतं.

आकड्यांकडे पाहा. 1994-95 मध्ये त्या विभागाची तरतूद सुमारे 74 कोटींची होती, खर्च पडला सुमारे 245 कोटी. हा फरक शोधायला कुणा गुप्तहेराची गरज नव्हती. कोषागार दर महिन्याला हिशेब आणि प्रमाणकं, म्हणजे पैसे दिलेली देयकं, राज्याचे हिशेब ठेवणाऱ्या महालेखापालांकडे पाठवतं. तिथे जमलेला आकडा आणि विभागाच्या वहीतला आकडा एकमेकांशी जुळवायचा असतो, त्याला आम्ही ताळमेळ म्हणतो. अत्यंत कंटाळवाणं काम. नवीन लागलेल्या लिपिकाला आधी तेच देतात आणि तो बदली होईपर्यंत ते टाळत राहतो. बिहारमध्ये तो ताळमेळ नीट झाला असता, तर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच गळती दिसली असती. एकूण रक्कम सुमारे 950 कोटींवर गेली, कारण वर्षानुवर्षं कुणी दोन आकडे शेजारी ठेवले नाहीत.

अखेर ते ठेवले गेले जानेवारी 1996 मध्ये. वित्त विभागानं जिल्ह्यांना जादा खर्च तपासायला सांगितलं होतं. पश्चिम सिंहभूमचे (हा जिल्हा आता झारखंडमध्ये आहे) उपायुक्त, म्हणजे आपल्याकडचे जिल्हाधिकारी, अमित खरे यांनी 27 जानेवारीला चाईबासा इथे पशुसंवर्धनाच्या कार्यालयांवर छापे घातले, कागदपत्रं ताब्यात घेतली आणि गुन्हे नोंदवले. चाईबासा हा आदिवासी भाग आहे. इथल्या घरात शेळी, कोंबडी, बैल हीच बचत असते. जो पैसा लुटला गेला तो त्या जनावरांच्या चाऱ्याचा आणि औषधाचा होता. ‘चारा घोटाळा’ म्हणताना आपण ‘घोटाळा’ या शब्दावर जोर देतो. माझ्या लेखी ‘चारा’ हा शब्दही तेवढाच जड आहे.

प्रश्न: जनावरं स्कूटरवरून नेल्याचं दाखवलं होतं म्हणे. हे खरं, की नंतर रचलेली गोष्ट? (सातारा)

खरं आहे. वाहतुकीच्या बिलांवर ट्रकचे म्हणून जे नंबर लिहिले होते ते परिवहन कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा त्यात स्कूटर, मोटारसायकली, रिक्षा निघाल्या. हरियाणा-दिल्लीकडून रांचीपर्यंत सांड आणल्याची बिलं अशा वाहनांच्या नंबरवर काढली होती.

लोक ही गोष्ट हसून सांगतात. मला त्यात तपासणीची साधी रीत दिसते. कोणत्याही बिलावर अशी एक गोष्ट असतेच, जी बिलाबाहेर जाऊन पडताळता येते. वाहनाचा नंबर, वजनकाट्याची पावती, जकात होती तेव्हा नाक्यावरची नोंद. तेवढी एक पडताळली तरी बाकीचं बिल आपोआप बोलू लागतं.

प्रश्न: कॅग काय करत होतं? आणि विधानसभेची लोकलेखा समिती? (एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर)

ताई, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कडू आहे.

बिहारच्या कोषागारांकडून मासिक हिशेब वेळेवर येत नाहीत, याबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, टी. एन. चतुर्वेदी यांनी 1985 मध्येच राज्याला सावध केलं होतं. हिशेब उशिरा येणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं लक्षण. ज्याच्या वहीत सगळं ठीक असतं तो वही दाखवायला उशीर करत नाही. पण महालेखापरीक्षकांना अटक करता येत नाही, खर्च थांबवता येत नाही. ते अहवाल देतात. राज्याबाबतचा अहवाल कलम 151 प्रमाणे राज्यपालांमार्फत विधिमंडळात जातो आणि तिथून पुढचं काम लोकलेखा समितीचं. समितीनं सचिवाला समोर बसवून विचारायचं, की तरतुदीपेक्षा जास्त खर्च का झाला, कुणाच्या परवानगीनं झाला.

बिहारच्या या समितीचे माजी अध्यक्ष जगदीश शर्मा यांनाच पुढे या प्रकरणात शिक्षा झाली. यापलीकडे मी काय सांगू? ज्या खोलीत जाब विचारायचा, तिथलाच माणूस आरोपी ठरला. पक्षाचा प्रश्नही इथे निकालात निघतो. लालूप्रसाद यादव यांच्याबरोबर माजी काँग्रेस मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांनाही 2013 च्या खटल्यात शिक्षा झाली. गळती एका सरकारच्या काळात सुरू होऊन दुसऱ्याच्या काळात फुगली. सरकार बदललं, खिडकीवरचे हात तेच राहिले.

प्रश्न: एका राज्याच्या पशुसंवर्धन विभागातल्या भानगडीनं देशाचं राजकारण बदललं असं तुम्ही लिहिलंत. हे जरा जास्त होत नाही का? (ठाणे)

मला तसं वाटत नाही. दोन वेगवेगळ्या वेळी हा परिणाम झाला आणि दुसरा तर अजून चालू आहे.

आधी 1997 पाहा. दिल्लीत जनता दलाचा समावेश असलेल्या संयुक्त आघाडीचं सरकार होतं. लालूप्रसाद तेव्हा बिहारचे मुख्यमंत्री आणि जनता दलाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. विरोधी नेत्यांच्या याचिकेवर पाटणा उच्च न्यायालयानं मार्च 1996 मध्ये तपास सीबीआयकडे दिला. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला आणि तपासावर उच्च न्यायालयाची देखरेख राहील असं ठरवलं. ही देखरेख महत्त्वाची. ती नसती तर दिल्लीतल्या मित्रसरकारच्या हाताखाली तपास कुठपर्यंत गेला असता, याचा अंदाज वाचकांनीच करावा. जून 1997 मध्ये राज्यपालांनी खटल्याला मंजुरी दिली, आरोपपत्र दाखल झालं. पक्षात राजीनाम्याची मागणी वाढली तेव्हा लालूप्रसादांनी 5 जुलैला वेगळा राष्ट्रीय जनता दल काढला. 25 जुलैला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि त्यांच्या पत्नी राबडीदेवी त्या खुर्चीवर आल्या. जनता दलाचा बिहारमधला आधार एका महिन्यात गेला. वर्षअखेरीस ओडिशातला गटही फुटला. 1996 मध्ये 46 खासदार असलेला पक्ष 1998 मध्ये 6 वर आला. काँग्रेस आणि भाजप यांच्यामधली जी तिसरी जागा होती, ती पुन्हा कधी तशी उभी राहिली नाही. त्याला इतरही कारणं होती, हे मान्य. पण पहिला मोठा तडा चाईबासाच्या कागदांनी गेला.

दुसरा परिणाम 2013 चा. तोपर्यंत शिक्षा झालेला खासदार किंवा आमदार तीन महिन्यांत अपील करून पद टिकवू शकत असे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8(4) ची ती सवलत होती. 10 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं लिली थॉमस प्रकरणात ती रद्द केली. चारा घोटाळ्याचा निकाल तोंडावर होता. केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबरमध्ये ती सवलत वाचवणारा अध्यादेश मंजूर केला. 27 सप्टेंबरला राहुल गांधी यांनी स्वतःच्याच सरकारचा तो अध्यादेश फाडून टाकण्याच्या लायकीचा असल्याचं पत्रकारांसमोर सांगितलं. 30 सप्टेंबरला रांचीच्या न्यायालयानं लालूप्रसादांना दोषी ठरवलं आणि 2 ऑक्टोबरला अध्यादेश मागे घेतला गेला. पाच वर्षांची शिक्षा झाली, खासदारकी गेली.

त्या आठवड्यात बंद झालेलं दार आजही बंद आहे. 2023 मध्ये सुरतच्या मानहानी खटल्यातील शिक्षेनंतर खुद्द राहुल गांधींची खासदारकी त्यातच गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर परत मिळाली. आपल्याकडे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये शिक्षा झाल्यावर सुनील केदार यांची आमदारकी गेली, तीही याच कायद्यानं.

प्रश्न: मग लोकांनी त्यांना मतं का दिली? (पुणे)

2000 मध्ये राष्ट्रीय जनता दल बिहार विधानसभेत सर्वांत मोठा पक्ष होता. शिक्षा झाल्यानंतर, 2015 मध्येही 80 जागा घेऊन तोच सर्वांत मोठा होता. मतदाराला अक्कल नाही, असा याचा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा तहसील कचेरीत खुर्ची मिळाली, तो ती खुर्ची देणाऱ्याला कोषागाराच्या आकड्यांवर तोलत नाही. त्याची तक्रार वेगळी आहे, जुनी आहे आणि खरी आहे. म्हणूनच हिशेबाचं काम मतपेटीवर सोपवता येत नाही. ते हिशेबनिसानंच करायला हवं.

प्रश्न: निकालांना इतकी वर्षं का लागली?

प्रत्येक कोषागाराचा वेगळा गुन्हा, हजारो प्रमाणकं, शेकडो साक्षीदार. त्यात 2000 मध्ये झारखंड वेगळं झालं आणि बहुतेक खटले रांचीला गेले. सगळ्यांचा एकच खटला धरावा की वेगवेगळे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2017 मध्ये त्यांनी वेगवेगळेच चालवा म्हणून सांगितलं. चाईबासाचे दोन, देवघर, दुमका आणि शेवटी डोरांडा, असे लालूप्रसादांविरुद्धचे पाच निकाल 2013 ते 2022 या काळात लागले. डोरांडाची रक्कम सर्वांत मोठी होती, 139 कोटींहून जास्त. दरम्यान कितीतरी आरोपी आणि साक्षीदार वारले.

प्रश्न: महाराष्ट्रात असं होऊ शकतं का?

अगदी त्याच पद्धतीनं होणं आता अवघड आहे. आपल्याकडे तरतूद बीम्स या संगणक प्रणालीवर असते. तिथे शिल्लक नसेल तर पैसे काढण्याचं प्राधिकारपत्र निघत नाही आणि त्याशिवाय कोषागार देयक स्वीकारत नाही. बनावट वाटपपत्राची वाट त्यानं बंद केली.

पण माल आला की नाही, हे संगणकाला कळत नाही. साठा नोंदवहीवरची सही अजून माणसाचीच आहे. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून तो वैयक्तिक ठेव खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनावानं कोषागारात असलेल्या खात्यात, उचलून ठेवण्याची सवय आहे. आगाऊ उचललेल्या रकमांची तपशीलवार देयकं वर्षानुवर्षं येत नाहीत आणि निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रं थकतात, अशा नोंदी महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. वृत्तपत्रांत त्याला दोन इंच जागा मिळते. मी मात्र अहवाल आला की आधी तेच प्रकरण उघडते.

प्रश्न: मी एका जिल्हा कार्यालयात कनिष्ठ लेखा लिपिक आहे. माल आलेला नसताना ‘साठ्यात घेतला’ असं लिहायला वरिष्ठ सांगतात. नाही म्हटलं तर बदली. मॅडम, काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी 31 मार्चच्या रात्री असंच एक देयक माझ्या टेबलावर आलं होतं. बाहेर व्हरांड्यात रांग, पंख्याखाली उडू नयेत म्हणून प्रमाणकांवर पाण्याचे पेले ठेवलेले, अकरा वाजून गेलेले. दीडशे शिलाई यंत्रांचं बिल होतं. बिलाची तारीख 30 मार्च, पुरवठादार परजिल्ह्यातला आणि साठ्याचा दाखला 29 मार्चचा. माल बिलाच्या आधीच साठ्यात आलेला. मी ‘तारखांचा खुलासा व्हावा’ असा आक्षेप लिहून देयक परत केलं. संबंधित अधिकारी माझ्यावर ओरडले, निधी बुडाल्याचं पाप माझ्या माथी मारलं. जूनमध्ये माझी बदली झाली. मुलगी दोन वर्षांची होती, ते वर्ष फार कठीण गेलं. हे तुमच्यापासून लपवत नाही.

तुम्ही एवढं करा. तोंडी ‘नाही’ म्हणू नका. टिपणीत लिहा: ‘माल प्रत्यक्ष प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही, तरी आदेश व्हावेत.’ खाली सही, तारीख, आणि फाइल वर पाठवा. आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवा. वरिष्ठांना पुढे जायचं असेल तर त्यांना त्या टिपणीखाली स्वतःच्या हातानं आदेश लिहावा लागेल. बहुतेक वेळा ते लिहीत नाहीत, फाइल तशीच परत येते. आणि बदली झालीच तर मला कळवा. त्या अपिलाचा मसुदा मी करून देईन.