अलास्कात मूसच्या शिकारीसाठी .३७५ सारखी जड रायफल घ्यावी का?

सप्टेंबरमध्ये अलास्कात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला प्रथमच येताना, भोवती तपकिरी अस्वले असतात म्हणून घरातली .३०-०६ काडतुसाची रायफल बाजूला ठेवून जास्त ताकदीच्या .३७५ एच अँड एच मॅग्नम काडतुसाची रायफल विकत घ्यावी का, असे आपण विचारले आहे. नऊ वर्षांपूर्वी अँकरेजला राहायला आल्यावर मी हाच प्रश्न माझ्या थोरल्या साडूंना विचारला होता. "अस्वलांच्या मुलखात .३७५ च्या खाली जायचेच नाही," असे त्यांनी ठासून सांगितले आणि मी त्यांचे ऐकले. माझे उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका.

.३७५ हे १९१२ सालचे उत्तम काडतूस आहे, त्याच्या ताकदीबद्दल वादच नाही. पण ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅमची) गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ च्या जवळपास दुप्पट असतो. सरावाच्या मैदानावर आठव्या-नवव्या गोळीनंतर माझा खांदा ठणकू लागे आणि मी रायफल पेटीत ठेवून घरी येई. एवढ्या तयारीवर मी एका सहकाऱ्याबरोबर लहान विमानाने नुशागाक नदीच्या एका फाट्यावर उतरलो. चौथ्या दिवशी पहाटे सत्तरेक मीटरवर एक मोठा नर विलोच्या झुडपांतून बाहेर येऊन आडवा उभा राहिला. मी पुढच्या पायाच्या मागे नेम धरला. परंतु चाप ओढताना डोळे आपोआप मिटले, अंग आधीच आकसले आणि गोळी फुफ्फुसांऐवजी पोटात गेली. तो आल्डरच्या झुडपांच्या दाटीत शिरला. थोडा वेळ थांबून आम्ही माग काढू लागलो, तेव्हा पानांवरच्या रक्तात पोटातला हिरवट चोथा मिसळलेला दिसला. तासाभराने सहकाऱ्याने आपल्या जुन्या .३०-०६ मधून २०० ग्रेनची एक गोळी छातीत घालून त्याला पाडले. त्या जनावराला माझ्यामुळे तासभर यातना सोसाव्या लागल्या, ही गोष्ट मला आजही बोचते.

अस्वल आले ते दुसऱ्या दिवशी. आतड्यांच्या ढिगावर त्याने शेवाळ आणि माती ओढून ठेवली होती. आम्ही मांस आदल्या संध्याकाळीच दोनशे मीटर दूर मोकळ्या जागी हलवले होते, त्यामुळे मोठ्याने बोलत मागे सरलो आणि गोळी झाडावी लागली नाही. शिकार सोलताना दोन्ही हात कामात असतात आणि रायफल झाडाला टेकवलेली असते. त्या वेळी ती कोणत्या काडतुसाची आहे यापेक्षा दुसरा माणूस पहारा देत आहे की नाही, याला महत्त्व असते.

परतल्यावर सहकाऱ्याने माझ्या नकळत रायफलीत दारू नसलेले नकली काडतूस भरून ती माझ्या हाती दिली. चाप ओढताच आवाज झाला नाही, पण नळीचे टोक तीन बोटे खाली गेलेले आम्ही दोघांनीही पाहिले. साडूंचे म्हणणे असे की दोष रायफलीचा नसून अपुऱ्या सरावाचा होता. सराव अपुरा होता हे मला मान्य आहे. पण जी रायफल दहाव्या गोळीला हातातून खाली ठेवावीशी वाटते, तिचा सराव पुरेसा व्हायचा कसा, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही. अमेरिकी वन खात्याने १९८३ मध्ये अलास्कात काम करणाऱ्यांसाठी १५ यार्डांवरून काडतुसांच्या चाचण्या घेतल्या होत्या, त्यांतही २२० ग्रेनची .३०-०६ चांगल्यांत गणली गेली होती.

मात्र कोडियाक बेटावर खास तपकिरी अस्वलाच्याच शिकारीला जाणार असाल, तर .३३८ किंवा .३७५ योग्य आहे; तेथे बाहेरच्या राज्यातील माणसाला जवळचा स्थानिक नातेवाईक बरोबर नसेल तर परवानाधारक गाइड घ्यावाच लागतो. भारतातून थेट येणाऱ्याला मूससाठीही गाइड सक्तीचा आहे. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, तो इथे आल्यावर घ्या आणि कमरेला लावा, पाठपिशवीत ठेवू नका.

आणि एवढे वाचूनही .३७५ घ्यावीशी वाटलीच, तर आधी कोणाची तरी मागून घ्या, वीस गोळ्या झाडा आणि मधूनमधून नकली काडतूस भरायला दुसऱ्याला सांगा. त्या प्रत्येक वेळी नळी जागची हलली नाही, तरच दुकानात जा.